डिझेल नावाचा माणूस

वाडीहून अमरावती रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना ट्रकच ट्रक उभे दिसतात. नागपूरकराला त्याचे अप्रूप नाही. देशाच्या चारी दिशांचे रस्ते ज्या गावात एकमेकांना छेदतात, त्या गावात धान्य, कोळसा, संत्री आणि लोकांचे संसारसुद्धा ट्रकवरूनच येतात-जातात. मी बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली. त्यातली बरीचशी वाहनकर्जाच्या फायलींत गेली. डिझेलचा मासिक खर्च, डिझेलचे अॅव्हरेज, डिझेलची दरवाढ हे शब्द मी इतक्या वेळा लिहिले की त्यांचा अर्थच पुसून गेला होता. डिझेल हे एका माणसाचे आडनाव आहे, हे मला वयाची अडतिशी गाठेपर्यंत ठाऊक नव्हते.

ते ठाऊक व्हायला कारण झाली एक पिकअप गाडी.

१९९८ चा मे महिना होता. काटोलकडचा एक कर्जदार शाखेत आला. संत्र्याच्या हंगामात बागेतला माल नागपूरला आणायचा आणि एरवी मिळेल ते भाडे मारायचे, असा त्याचा व्यवसाय. हप्ते तोवर नियमित होते. या महिन्याचा हप्ता पुढे ढकला, असे त्याचे म्हणणे होते. कारण पैसे त्याने गाडीवरच खर्च केले होते. एका मिस्त्रीने गाडीचा एअर फिल्टरचा डबा काढून टाकला होता आणि रुंद तोंडाचा एक पाइप बॉनेटमधून बाहेर काढून टपापर्यंत नेला होता. पाइपाच्या तोंडाशी फक्त जाळी. इंजिनाला मोकळा श्वास मिळाला की ताकद वाढते आणि लिटरमागे दोन किलोमीटरचा फायदा होतो, असे मिस्त्रीने त्याला पटवले होते. कर्जदाराच्या चेहऱ्यावर शोध लावल्याचा आनंद होता.

आमच्या शाखाधिकाऱ्यांना आनंद झाला नाही. गाडी बँकेकडे तारण होती, आणि तारणात परस्पर फेरफार झाला होता. पाहून या आणि अहवाल द्या, असे त्यांनी मला सांगितले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इंजिनाचे झाकण उघडल्यावर आत काय पाहायचे असते हेही मला कळत नव्हते. म्हणून मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी एका पाकिटाच्या पाठीवर आकृती काढून मला दीड तास शिकवले आणि निघताना रुडॉल्फ डिझेलवरचे एक जुने पुस्तक हातात ठेवले. तुमच्या कर्जदाराचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी खुद्द डिझेलला पडला होता, असे ते म्हणाले. अहवाल मी आठवडाभरात दिला. डिझेल मात्र मला अजून सोडत नाही.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. पण आईवडील जर्मन, बव्हेरियाकडचे. वडील थिओडोर पुस्तकबांधणी आणि चामडी वस्तूंचा धंदा करत. धंदा बेताचाच. मुलगा रिकाम्या वेळात पॅरिसच्या यंत्रसंग्रहालयात जाऊन बसायचा आणि तिथल्या जुन्या यंत्रांची चित्रे काढायचा. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले आणि पॅरिसमधल्या जर्मनांना शहर सोडावे लागले. हे कुटुंब लंडनला गेले. तिथे खायची भ्रांत. बारा वर्षांच्या मुलाला आईवडिलांनी एकट्यालाच ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवून दिले. ते काका गणिताचे शिक्षक होते. आपल्याकडेही अशी किती मुले मामा-काकांच्या घरी राहून शिकली आहेत. अशा मुलांना एक गोष्ट लवकर कळते, की परीक्षेत पहिले येणे हेच आपले घरभाडे. रुडॉल्फ पहिला येत राहिला. चौदाव्या वर्षी त्याने इंजिनिअर होणार असे आईवडिलांना कळवून टाकले.

ऑग्सबर्गच्या शाळेत त्याने अग्निपिचकारी पाहिली, असे सांगतात. आग्नेय आशियातले लोक विस्तव पेटवायला हे साधन वापरत. एक बंद नळी, तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या, दट्ट्याच्या टोकाला चिमूटभर कापूस किंवा भुसा. दट्ट्या फटकन आत मारला की आतली हवा दबते, तापते आणि कापूस पेटतो. काडी नाही, गारगोटी नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड चटका बसण्याइतके तापते, ते आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. तोच हा प्रकार.

शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रविद्यालयात गेला. तिथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू भेटले. यंत्राने बर्फ तयार करण्याच्या विद्येत लिंडे यांचे नाव फार मोठे. एके दिवशी वर्गात त्यांनी सांगितले, की वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेपैकी फार तर दहावा हिस्सा कामी येतो. उरलेला सगळा वाया. वर्गातल्या इतर मुलांनी हे वहीत उतरवून घेतले असेल आणि परीक्षेनंतर विसरूनही गेली असतील. रुडॉल्फने वहीच्या समासात स्वतःसाठी एक टिपण केले, की याहून चांगले यंत्र होऊ शकते का ते पाहायचे. मला त्याच्या चरित्रातली ही जागा फार आवडते. रुपयातले नव्वद पैसे गळून जाताहेत हे ऐकून ज्याला झोप लागत नाही, असा माणूस बँकेत असता तर हिशेबतपासनीस झाला असता.

१८८० मध्ये तो परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर कंपनीच्या कारखान्यात थोडे दिवस राबला आणि मग पॅरिसला लिंडे यांच्या बर्फयंत्रांचा प्रतिनिधी झाला. पॅरिसमध्येच एका घरी शिकवणी करणारी मार्था फ्लाशे त्याला भेटली. १८८३ मध्ये लग्न झाले आणि यथावकाश तीन मुले झाली. नोकरी थंडाव्याची आणि डोक्यात विस्तव, अशी दहा वर्षे गेली. आधी त्याने अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवून पाहिले. ते जमले नाही. १८९० मध्ये तो बर्लिनला आला आणि २८ फेब्रुवारी १८९२ या तारखेचे पेटंट त्याने मिळवले.

कल्पना अग्निपिचकारीचीच होती. सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची. ती इतकी दाबायची की तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेटेल. ठिणगी नको, ज्योत नको. तोवरची तेलावरची आणि वायूवरची बहुतेक इंजिने हवा आणि इंधन एकत्रच आत घेत. त्यामुळे ती फार दाबता येत नसत, मिश्रण भलत्या वेळी पेटून बसे. डिझेलने हवेला एकटीला आत घेतले आणि दाबाची मर्यादाच उठवली. माझे स्नेही पाकिटावर लिहून दाखवत होते, की एक लिटर डिझेल पूर्ण जळायला निदान बारा किलो हवा लागते, म्हणजे सुमारे दहा हजार लिटर. आपण पैसे मोजतो ते लिटरभर तेलाचे. दहा हजार लिटर हवा फुकट मिळते म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही.

ऑग्सबर्गच्या कारखान्याचे संचालक हाइनरिश बुझ यांनी आणि पाठोपाठ क्रुप कंपनीने त्याला आधार दिला. क्रुपकडून वर्षाला ३० हजार मार्क मिळू लागले. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या यंत्रात पहिल्यांदा इंधन सोडले. कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि दाब मोजायच्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या. सुदैवाने कोणी दगावले नाही. डिझेलला एवढे कळले, की इंधन पेटते. बाकी सगळे व्हायचे होते. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी यंत्र मिनिटभर आपल्या बळावर फिरले. तोवर कारखान्याचा पट्टा यंत्राला फिरवत होता; त्या मिनिटात यंत्र पट्ट्याला ओढू लागले. एका मिनिटासाठी दोन वर्षे! त्यानंतर आणखी तीन.

या वर्षांत त्याला आपल्याच सिद्धांताला मुरड घालावी लागली. पेटंटात त्याने जो दाब गृहीत धरला होता, तो गाठायला इतकी ताकद लागली असती की यंत्राने कमावलेले सगळे तिथेच खर्ची पडले असते. त्याने दाब उतरवला, जळण्याची रीत बदलली, दुसरे पेटंट घेतले. पण पहिल्या कागदात चूक होती असे मोकळेपणाने कधी सांगितले नाही. ही गोष्ट त्याला पुढे महागात पडली.

आणि आता माझ्या कर्जदाराचा प्रश्न. १८९६ च्या अखेरीस नवे यंत्र उभे राहिले, तेव्हा डिझेलने त्यात हवा आधीच थोडी दाबून भरायची सोय केली होती. दट्ट्याच्या खालच्या बाजूचा पंपासारखा उपयोग करायचा आणि सिलिंडरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा कोंबायची. यंत्राची ताकद खरोखरच वाढली. पण तेलाचा हिशेब मांडला तेव्हा कार्यक्षमता घटलेली दिसली. त्याने ती सोय काढून टाकली. ताकद हवी होती, पण त्याला त्याहून बचत प्यारी होती. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक श्रोटर यांनी या यंत्राची रीतसर परीक्षा घेतली. वीसेक अश्वशक्तीचे, एकाच सिलिंडरचे ते यंत्र इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामात बदलत होते. लिंडे यांच्या वर्गातल्या दहा टक्क्यांच्या पुढे ही मजल. ते यंत्र आजही म्युनिकच्या संग्रहालयात आहे.

जास्त हवेचा प्रश्न दुसऱ्याच माणसाने सोडवला. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर पाते फिरवायचे आणि त्या पात्याने हवा आत रेटायची. म्हणजे हवा दाबायला इंजिनाच्या खिशातला पैसा जवळजवळ नको. १९२६ च्या सुमारास दोन जर्मन प्रवासी जहाजांवर या युक्तीने १७५० अश्वशक्तीची २५०० झाली. आजच्या बहुतेक डिझेल पिकअपमध्ये जो टर्बो असतो तो हाच. त्याच्यापुढे ती हवा थंड करणारा इंटरकूलर असतो, आणि आत आलेली हवा मोजून संगणकाला कळवणारे उपकरण असते. अशा गाडीत मिस्त्रीला हात घालायला फारशी जागा उरलेली नाही, तरी हौशी लोक घालतातच.

आमच्या त्या पिकअपला टर्बो नव्हता. स्नेह्यांनी जे समजावले ते थोडक्यात सांगतो, कारण तो प्रश्न मला आजही लोक विचारतात. पेट्रोलच्या जुन्या गाडीत पायाखालचा पॅडल हवेची वाट उघडतो-मिटतो. त्या काळच्या डिझेल गाडीत हवेची वाट कायम उघडी. पॅडल फक्त तेल कमी-जास्त करतो. रिकाम्या किंवा अर्ध्या भाराने धावणाऱ्या डिझेल इंजिनात गरजेपेक्षा जास्त हवा असतेच. तिथे पाइप रुंद केला म्हणून तेल वाचत नाही. पूर्ण भाराने चढ चढताना मात्र हवा कमी पडू शकते, आणि फिल्टर धुळीने बुजला असेल तर काळा धूर निघतो. फिल्टर बदलला की तो थांबतो. बॉनेटखालच्या तापलेल्या हवेऐवजी बाहेरची हवा घेणे यात थोडे तथ्य आहे. हवा तापली की विरळ होते. पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा नागपूरच्या मे महिन्यातली पंचेचाळीस अंशांची हवा सहा टक्क्यांनी हलकी भरते आणि इंजिनाजवळची तर आणखीच. तेव्हा पाइप वर नेणे हा मिस्त्रीचा अर्धा विचार बरोबर होता. उरलेला अर्धा, म्हणजे फिल्टर काढणे, घातक. कारण धूळ सिलिंडरच्या भिंतीवर कानशीसारखी चालते.

मग लिटरमागे दोन किलोमीटरचे काय? मी कर्जदाराची वही मागवून पाहिली. ज्या आठवड्यात अॅव्हरेज वाढले होते, त्या आठवड्यात गाडी परतीला रोज रिकामी आली होती.

फिल्टर पूर्ववत बसवावा, असे पत्र मी त्याला पाठवले.

डिझेलकडे वळतो. १८९७ नंतर पैसा पावसासारखा आला. अमेरिकेतले मद्यसम्राट अडॉल्फस बुश यांनी त्यांच्या देशापुरते हक्क दहा लाख मार्कांना घेतले. १८९८ मध्ये पेटंटे सांभाळायला एक कंपनी निघाली आणि डिझेलला ३५ लाख मार्क मिळाले, त्यातला मोठा भाग समभागांच्या रूपात. भाड्याच्या खोल्यांत वाढलेला मुलगा चाळिशीत कोट्यधीशांच्या पंक्तीला बसला. म्युनिकला त्याने राजवाड्यासारखे घर बांधले. याच वर्षी तो मनाने आणि शरीराने पार खचला आणि काही काळ त्याला आरोग्यधामात राहावे लागले. एकीकडे विकलेली पहिली इंजिने गिऱ्हाइकांकडे बंद पडत होती, दुसरीकडे पेटंटाला आव्हान देणारे खटले. पैसा त्याने जमिनींच्या सौद्यांत घातला, तेलाच्या विहिरींत घातला. दोन्हीकडे तो बुडाला. इंजिनातल्या उष्मांकाचा हिशेब ठेवणाऱ्याला पैशाचा हिशेब जमला नाही, असे त्याच्याविषयी नेहमी लिहितात. मला ते पटत नाही. हिशेब त्याला कळत होता. तो घरात सांगणे त्याला जमत नव्हते. अशी माणसे मी काउंटरपलीकडून पाहिली आहेत, त्यांना आकडे तोंडपाठ असतात.

या काळातही त्याचे डोके थांबले नव्हते. १९०३ मध्ये त्याने कामगारांच्या सहकारावर एक ग्रंथ लिहिला. कामगारांनी थोडे थोडे पैसे जमवून आपलेच कारखाने उभे करावेत, असा त्याचा आशय. त्याला वाचक मिळाले नाहीत. सहकारी सूतगिरण्या आणि साखर कारखाने पाहिलेल्या आपल्या महाराष्ट्राला त्यातले बरेच ओळखीचे वाटले असते, चांगलेही आणि वाईटही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे एक छोटे इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले. फ्रेंच सरकारला आपल्या आफ्रिकी वसाहतींत पिकणाऱ्या भुईमुगाचा उपयोग हवा होता. १९१२ मध्ये डिझेलने पुन्हा या विषयावर भाष्य केले आणि शेतातल्या तेलांना पुढे महत्त्व येऊ शकेल असे मत मांडले. आपल्याकडे करंज आणि जट्रोफाची चर्चा व्हायला त्यानंतर नव्वद वर्षे गेली.

त्याच १९१२ मध्ये डेन्मार्कचे सेलँडिया हे मोठे जहाज डिझेल इंजिनांवर महासागर ओलांडून गेले. इंजिन जिंकले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस बर्लिनमध्ये इंजिनिअरांच्या सभेत डिझेलने आपल्या यंत्राची जन्मकथा सांगितली, तेव्हा प्राध्यापकांनी त्याला सर्वांसमक्ष सोलून काढले. पेटंटात लिहिलेले यंत्र आणि चालणारे यंत्र वेगळे आहे, खरे काम कारखान्यातल्या लोकांनी केले आहे, असा त्यांचा आक्षेप. त्यात तथ्य नव्हते असे नाही. लाउस्टर यांच्यासारख्या हाताखालच्या इंजिनिअरांचे नाव त्याने अधिक मोठ्याने घ्यायला हवे होते. पण पाच वर्षे ती आग कोणाच्या डोक्यात जळत होती, हेही त्या प्राध्यापकांनी पाहायला हवे होते.

१९१३ च्या उन्हाळ्यात त्याने थोरल्या मुलाला घरभर फिरवून कोणती किल्ली कोणत्या कुलपाची ते दाखवले, असे चरित्रात आहे. २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. सोबत दोन सहकारी होते. तिघे जेवले, डेकवर फिरले. सकाळी सव्वासहाला उठवा असे सांगून दहाच्या सुमारास तो आपल्या खोलीत गेला. सकाळी खोलीत कोणी नव्हते. बिछान्यावर कोणी झोपल्याची खूण नव्हती. घड्याळ नजरेला पडेल असे ठेवलेले होते. टोपी आणि घडी घातलेला कोट डेकवर कठड्याजवळ सापडला. रोजनिशीत त्या तारखेपुढे एक फुली होती. दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसले. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा समुद्राला दिले. त्या वस्तू मुलाने ओळखल्या. वय पंचावन्न.

तेलसम्राटांनी मारले, जर्मन हेरांनी मारले, तो मेलाच नाही, अशा कथा तेव्हापासून आजपर्यंत चालू आहेत. कादंबरीकार म्हणून मला त्यांचा मोह पडायला हवा. पडत नाही. कारण निघण्यापूर्वी त्याने मार्थाला एक बॅग दिली होती आणि पुढच्या आठवड्यापर्यंत उघडू नको असे बजावले होते. तिने ती उघडली तेव्हा तिच्यात रोख मार्क होते, आणि जवळपास रिकाम्या झालेल्या बँकखात्यांचे कागद होते. देणे मालमत्तेच्या कितीतरी पट निघाले. तीस वर्षे संसार केलेल्या बाईला घराची खरी स्थिती त्या कागदांवरून कळली.

त्याच्या इंजिनाने त्याच्यानंतर जग पादाक्रांत केले. १९२४ च्या आसपास ते ट्रकमध्ये बसले. १९४६ मध्ये पुण्याला खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि आमच्या आजोळच्या विहिरीवरचे मोटेचे बैल सुटले. लहानपणी त्या इंजिनाच्या ठेक्यावर मी झोपत असे. नाव मात्र त्याचे आम्ही नुसते इंजिन एवढेच ठेवले होते.

माझ्या कर्जदाराने फिल्टर बसवला नव्हता. दिवाळीपर्यंत गाडी निळा धूर सोडू लागली. सिलिंडरचे लायनर आणि पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या, आणि इंजिनाच्या कामासाठी त्याने गावातल्या सावकाराकडून पैसे उचलले होते. तीन हप्ते थकल्यावर मी नोटीस घेऊन त्याच्या घरी गेलो. अंगणात गाडी उभी होती, टपापर्यंत गेलेला तो पाइप तसाच. तो घरी नव्हता. बायको बाहेर आली. कसले कर्ज, असे तिने विचारले. गाडी दोन वर्षांपूर्वीच मोकळी झाली, असे त्याने तिला सांगितले होते.

नोटीस कर्जदाराच्याच हातात द्यायची, ती घरच्यांना वाचून दाखवायची नाही, असा दंडक होता. मी खाटेवर बसलो आणि मुद्दल, व्याज, थकलेले हप्ते, एकेक आकडा तिला समजावून सांगितला. ती मध्ये काही बोलली नाही. शेवटी आणखी कोणाचे देणे आहे का, एवढे तिने विचारले. सावकाराचे मला ठाऊक होते. तेही मी सांगितले.